फिरतीवरचा व्यवसाय आणि खेड तालुका

पुणे-नाशिक महामार्गावर, पुण्यापासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, भीमा नदीच्या काठी वसलेले राजगुरुनगर हे हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचे जन्मगाव होय. गावाचे मूळ नाव खेड. गावास हुतात्म्याचे नाव मिळाले असले तरी तालुका आजही खेड या नावानेच ओळखला जातो. तालुक्याच्या दक्षिणेस आळंदी व चाकण, पश्चिमेस भीमाशंकरच्या डोंगररांगा आणि मधोमध चासकमान धरणाचा जलाशय, अशी ही भूमी आहे. कांद्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणचे रूप गेल्या पंचवीस वर्षांत पार पालटले. बजाज ऑटोचा कारखाना येथे १९९९ मध्ये सुरू झाला. २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांचे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या मागोमाग सुटे भाग बनविणारे शेकडो लहानमोठे उद्योग आले. भोसरी-पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत आज कारखान्यांची जणू एकच सलग रांग लागली आहे.

या औद्योगिक पट्ट्याने तालुक्यातील तरुणांस रोजगार दिला, तसाच रोजचा प्रवासही दिला. पाळी सुटण्याच्या वेळी चाकणच्या चौकात जो अडकला त्यास दहा-बारा किलोमीटरवरील राजगुरुनगर किती दूर असते ते विचारावे. यंत्रावर काम करणाऱ्यास हा प्रवास चुकत नाही, कारण यंत्र त्याच्या घरी येऊ शकत नाही. परंतु ज्यांचे काम कागदावर, म्हणजे आता संगणकाच्या पडद्यावर, होते त्यांनीही त्याच गर्दीतून जावे काय, हा प्रश्न मार्च २०२० नंतर प्रथमच गंभीरपणे विचारला गेला. त्याचेच पुढचे पाऊल म्हणजे घरही कामाचे ठिकाण न मानता, प्रवास करीत, ठिकाणे बदलीत स्वतःचा व्यवसाय चालविणे. जगात या रीतीने उदरनिर्वाह करणाऱ्यांची संख्या वाढते आहे. ही रीत नेमकी काय आहे, तिला काय लागते, तीत धोके कोणते, आणि खेडसारख्या तालुक्यातील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

कल्पना नवी, चाल जुनी

‘काम माणसाकडे न्यावे, माणूस कामाकडे नव्हे’ या विचारास पन्नास वर्षे होऊन गेली. जॅक नाइल्स या अमेरिकन अभियंत्याने १९७३ मध्ये या पद्धतीस ‘टेलिकम्यूटिंग’ असे नाव दिले. तेलाच्या टंचाईचे ते दिवस होते आणि मोटारींनी रोज कचेरीत जाणाऱ्या लक्षावधी लोकांचे इंधन वाचावे हा त्यामागील हेतू होता. पुढे १९९७ मध्ये त्सुगिओ माकिमोतो व डेव्हिड मॅनर्स यांनी ‘डिजिटल नोमॅड’ याच नावाचा ग्रंथ लिहिला आणि काम बरोबर घेऊन हिंडणाऱ्या माणसाचे चित्र रंगविले. तेव्हा भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. विदेश संचार निगमाने ही सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. राजगुरुनगरच्या बाजारपेठेत त्या काळी एस.टी.डी.चे पिवळे फलक हेच दूरसंचाराचे सर्वांत पुढारलेले साधन होते.

तथापि दप्तर बरोबर घेऊन फिरणे महाराष्ट्रास नवे नाही. शासकीय सेवेतील वाचकांना ‘फिरती’ हा शब्द समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. इंग्रजी अमदानीत हिवाळा लागला की कलेक्टरची कचेरीच बैलगाड्यांवर चढे. तंबू, बस्ते, कारकून, शिपाई असा सारा संसार गावोगाव मुक्काम करी आणि सरकारचा कारभार झाडाखाली चाले. त्याहीपूर्वी बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून शेकडो कोस हिंडत. व्यापार हेच त्यांचे गाव होते. पैसा प्रत्यक्ष न नेता दूरच्या पेढीवर तो मिळविण्याची हुंडीची सोयही जुनीच. याच पुणे जिल्ह्यातील नाणेघाटाची वाट सातवाहन काळापासून व्यापाऱ्यांनी तुडविली आहे.

‘नोमॅड’ या शब्दाचे भाषांतर ‘भटका’ असे करण्याचा मोह अनेकांना होतो. महाराष्ट्रात तो आवरलेला बरा. आपल्याकडे भटक्या जमाती ही एक सामाजिक व कायदेशीर संज्ञा आहे आणि तिच्यामागे मोठे दुःख आहे. या जमातींनी भटकंती हौसेने स्वीकारली नाही. कायमचा पत्ता नाही म्हणून शिधापत्रिका नाही, दाखला नाही आणि मुलांना शाळा नाही, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. संगणक घेऊन स्वखुशीने हिंडणारा व्यावसायिक या अर्थाने भटका नव्हे. त्याच्या खिशात पत्ता असतो, बँकेचे खाते असते आणि वाटले तेव्हा परतावयास घर असते. पुढे दिसून येईल की त्याचा सारा व्यवसाय या एका स्थिर पत्त्यावरच उभा असतो. म्हणून या लेखात त्यास फिरतीवरचा व्यावसायिक असेच म्हटले आहे.

गोठ्यातील कचेरी

दूरस्थ व्यवसायाचे उदाहरण द्यावयाचे झाले की परदेशी समुद्रकिनाऱ्यांची छायाचित्रे दाखविली जातात. महाराष्ट्रातील उदाहरण अधिक बोलके आहे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील सांगवी येथील दादासाहेब भगत यांनी शालेय शिक्षणानंतर आय.टी.आय.चा अभ्यासक्रम केला आणि पुण्यात येऊन इन्फोसिस कंपनीत ऑफिस बॉयची नोकरी धरली. तेथे संगणकावर चालणारे काम पाहून त्यांनी ग्राफिक्स व अ‍ॅनिमेशनचे शिक्षण घेतले आणि पुढे चित्ररचनेचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. टाळेबंदीच्या काळात पुण्यातील कामाची जागा सोडून त्यांना गावी परतावे लागले. गावात मोबाईलची लहर नीट पोहोचत नव्हती. ती मिळाली जवळच्या डोंगरावर. तेथील गुरांच्या गोठ्यालगत त्यांनी सहकाऱ्यांसह कामाचे ठाणे मांडले आणि गावातील तरुणांनाही हे काम शिकविले. पुढे त्यांच्या कंपनीस २०२४ मध्ये प्रसारित झालेल्या ‘शार्क टँक इंडिया’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून एक कोटी रुपयांचे भांडवल मिळाले.

या कथेचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड होते. भगत यांच्यापाशी कौशल्य होते आणि ग्राहकही आधीच जोडलेले होते. गोठा पुरला तो त्यामुळे. कौशल्य व ग्राहक नसताना केवळ संगणक घेऊन डोंगरावर बसणाऱ्यास तेथे वाऱ्याखेरीज काही मिळत नाही. दुसरी गोष्ट अशी की, व्यवसायाचे ठाणे कोठे पडेल हे अखेर तारेने किंवा लहरीनेच ठरविले. सांगवीचा डोंगर त्यांनी निसर्गशोभेसाठी निवडला नव्हता.

तार, वीज आणि घड्याळ

दूरच्या ग्राहकाशी बोलण्यास लागणारा इंटरनेटचा वेग लोक समजतात तेवढा मोठा नसतो. स्पष्ट चित्रासह संभाषणास सेकंदाला दोन ते चार मेगाबिट पुरतात. अडचण वेगळ्याच दोन ठिकाणी येते. पहिली, घरगुती ग्राहकास माहिती ‘येण्याचा’ वेग सांगितला जातो, परंतु काम करणाऱ्यास ती ‘पाठविण्याचा’ वेग महत्त्वाचा असतो. यंत्राच्या साच्याचा आराखडा किंवा चित्रफीत ग्राहकाकडे पाठवावयाची तर हाच वेग कामी येतो, आणि मोबाईलच्या जोडणीत तो बहुधा तोकडा पडतो. दुसरी अडचण सातत्याची. दिवसातून पाच वेळा तुटणारी वेगवान जोडणी धंद्याच्या दृष्टीने निरुपयोगी. मंद पण अखंड जोडणी उपयोगी.

काचतंतूतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. त्यामुळे राजगुरुनगरातून विचारलेला प्रश्न मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्रतळाच्या तारेने युरोपात जाऊन उत्तर परत येण्यास सेकंदाचा लहानसा अंशच लागतो. याउलट पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहामार्फत केलेल्या संभाषणात प्रश्न व उत्तर यांमध्ये सुमारे अर्ध्या सेकंदाची फट पडते आणि दोघेही एकदम बोलू लागतात. शे-पाचशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहमालिकांनी हा दोष बराच दूर केला आहे. तथापि जेथे काचतंतू पोहोचू शकतो तेथे त्याला तोड नाही.

ग्रामपंचायतींपर्यंत हा तंतू नेण्याच्या केंद्र शासनाच्या योजनेस ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात तिच्या पुढील टप्प्याचे काम राज्य शासनाने महानेट या नावाने हाती घेतले. पंचायतीच्या कार्यालयापर्यंत तंतू आला, पेटी भिंतीवर बसली, पण वीज नाही, दुरुस्ती नाही किंवा पेटीची किल्ली कोणाकडे आहे याचा पत्ता नाही, हा अनुभव अनेक गावांना आला आहे. त्यावरून धडा घेऊन ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमास मान्यता देण्यात आली. त्यात तंतूची रचना साखळीऐवजी कड्यासारखी करण्यावर भर आहे. साखळीत एक दुवा तुटला की पुढची सारी गावे अंधारात जातात. कड्याचे तसे नसते. तंतू एका बाजूने तुटला तरी संदेश दुसऱ्या बाजूने वळसा घेऊन पोहोचतो. रस्तारुंदीकरणाच्या आणि जलवाहिनीच्या खोदाईत तारा किती वेळा तुटतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या बदलाचे महत्त्व सांगावयास नको.

विजेचा प्रश्न त्या मानाने हलका आहे. घरातील जोडणीच्या पेटीस जेमतेम दहा-बारा वॅट वीज लागते आणि मांडीवरच्या संगणकास स्वतःची विजेरी असते. लहानसा इन्व्हर्टर दोन-तीन तासांचे भारनियमन सहज निभावतो.

घड्याळाचा विचार मात्र बहुतेक जण करीत नाहीत आणि मग पस्तावतात. जर्मनीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा भारतात हिवाळ्यात दुपारचे दीड व उन्हाळ्यात साडेबारा वाजलेले असतात. न्यूयॉर्कमधील सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात. म्हणजे जर्मन ग्राहकाशी काम करणारी व्यक्ती सकाळी शेतातील वा घरातील कामे उरकून दुपारी बसू शकते आणि रात्री साडेआठ-साडेनऊला उठू शकते. अमेरिकन ग्राहकासाठी पूर्ण वेळ बसणाऱ्यास पहाटेचे तीन वाजतात. अशी रात्रपाळी वर्षानुवर्षे केल्यास शरीराची काय अवस्था होते हे चाकणच्या कामगारांना विचारले तरी पुरे. कोणत्या देशातील ग्राहक निवडावा हा प्रश्न केवळ मोबदल्याचा नाही.

चाकणच्या जर्मन कारखान्यांमुळे या परिसरास आणखी एक संधी उपलब्ध झाली आहे, ती म्हणजे जर्मन भाषेची. पुण्यात मॅक्समुल्लर भवनात आणि विद्यापीठात जर्मन शिकण्याची सोय फार वर्षांपासून आहे. यंत्राची माहितीपुस्तके, सुरक्षेच्या सूचना, सुट्या भागांच्या याद्या यांचे भाषांतर करणे हे घरबसल्या किंवा प्रवासात करता येण्याजोगे काम आहे. आता यंत्राकडूनही भाषांतर होते हे खरे. पण पाना आणि पक्कड यांतील फरक ज्याने हाताने अनुभवला आहे असा भाषांतरकार यंत्राच्या चुका पकडतो, आणि असे लोक या तालुक्याइतके अन्यत्र क्वचितच मिळतील. साच्यांचे संगणकीय आराखडे काढणे, लहान कारखान्यांचे हिशेब व करविवरणपत्रे तयार करणे, मालाच्या पुरवठ्याचा पाठपुरावा करणे, शिकवणी घेणे, चित्रफितींचे संकलन करणे, ही कामेही अशीच आहेत. कारखान्याजवळ वाढलेल्या मुलामुलींनी ही कामे परक्यांसाठी सोडून देण्याचे कारण नाही.

पत्ता एकच असावा

व्यावसायिक फिरतीवर असला तरी कायद्याच्या दृष्टीने त्याच्या धंद्यास एक मुख्य ठिकाण असावे लागते. ते राजगुरुनगरातील किंवा एखाद्या वाडीतील राहते घरही असू शकते. घर वडिलांच्या नावावर असल्यास त्यांचे संमतिपत्र, वीजबिल आणि ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा नमुना ८ चा उतारा ही कागदपत्रे कामी येतात. एखाद्या तरुणीने असा उतारा मागितल्यास ‘घरात कसला धंदा?’ म्हणून तिला परत पाठविण्याचे प्रकार घडू नयेत, याकडे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी लक्ष द्यावे. तिच्या धंद्यास दुकानाचा फलक नाही, गाळा नाही, माल नाही. पण तो धंदा आहे.

सूक्ष्म उद्योग म्हणून करावयाची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू असून ती संगणकावर, आधार क्रमांकाच्या आधारे, विनाशुल्क होते. तिच्यासाठी पैसे मागणारा मध्यस्थ भेटल्यास त्याची आवश्यकता नाही असे समजावे. या नोंदणीचा एक लाभ फारच थोड्या लोकांना माहीत आहे. सूक्ष्म व लघु उद्योगाने देशातील खरेदीदारास दिलेल्या वस्तूची वा सेवेची रक्कम, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत चुकती करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर घातले आहे. विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे लागते आणि उद्योजकास सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. परदेशी ग्राहकाच्या बाबतीत हे संरक्षण उपयोगी पडत नाही. म्हणून त्याच्याकडून कामाचा काही भाग आगाऊ रकमेवर घ्यावा आणि उरलेले काम टप्प्याटप्प्याने, रक्कम जमा होईल तसे, द्यावे ही रीत बरी.

सेवा पुरविणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेली की महाराष्ट्रात वस्तू व सेवा कराची नोंदणी घ्यावी लागते. परदेशी ग्राहकास दिलेली सेवा ही, मोबदला परकी चलनात येणे इत्यादी अटी पूर्ण झाल्यास, निर्यात समजली जाते आणि तिच्यावर कराचा दर शून्य असतो. दर शून्य आहे म्हणजे नोंद ठेवावयाची नाही असा अर्थ मात्र कोणी काढू नये. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेबद्दल बँकेकडून मिळणारा दाखला जपून ठेवावा. पुढे कर्ज काढताना हाच दाखला उत्पन्नाचा पुरावा ठरतो. प्राप्तिकराच्या बाबतीत असे की, भारतात राहून जगात कोठूनही मिळविलेले उत्पन्न येथे करपात्र आहे. वर्षात १८२ दिवस किंवा अधिक भारतात वास्तव्य असणे ही निवासी ठरण्याची मुख्य कसोटी होय. केवळ ग्राहक परदेशात आहे किंवा पैसा डॉलरमध्ये येतो म्हणून कर चुकत नाही.

नोकरदाराची गोष्ट थोडी निराळी. त्यास वेतन मिळते, करकपात मालक करतो, आणि कोठून काम करावे हे मालकाच्या संमतीवर अवलंबून असते. दूरसंचार विभागाने ५ नोव्हेंबर २०२० रोजी सेवा-केंद्रांवरील जुने निर्बंध सैल करून देशात कोठूनही काम करण्यास मुभा दिली; विशेष आर्थिक क्षेत्रांतील घटकांसाठीही जुलै २०२२ मध्ये घरून कामाचा नियम करण्यात आला. मात्र ही मुभा कंपन्यांस आहे, कर्मचाऱ्याचा हक्क नव्हे. टाळेबंदी संपल्यावर अनेक कंपन्यांनी आपली माणसे परत बोलाविली, आणि गावी घर दुरुस्त करून स्थिरावू पाहणाऱ्यांना पुन्हा हिंजवडीचा रस्ता धरावा लागला.

देशाबाहेर फिरणाऱ्याने व्हिसाचा विचार आधी करावा. पर्यटकाच्या व्हिसावर जाऊन तेथे पैसे मिळविणे बहुतेक देशांत निषिद्ध आहे. ही अडचण ओळखून काही देशांनी अशा लोकांसाठी स्वतंत्र व्हिसा सुरू केला. बार्बाडोसने जुलै २०२० मध्ये, एस्टोनियाने १ ऑगस्ट २०२० पासून, मलेशियाने २०२२ मध्ये व थायलंडने २०२४ मध्ये अशी सोय केली. उत्पन्नाचा किंवा शिलकीचा भक्कम पुरावा ही त्यांची सर्वसाधारण अट असते. नवख्यास ती जड जाते. भारतातच फिरावयाचे असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही. सिक्कीममधील याकतेन या खेड्याने २०२५ मध्ये अशा पाहुण्यांना दीर्घ मुक्कामासाठी आमंत्रित करण्याचा उपक्रम सुरू केला आहे, तो खेडच्या पश्चिम भागातील गावांनी पाहण्यासारखा आहे.

फसवणुकीचा बाजार

ज्या ज्या ठिकाणी लोकांस घरबसल्या उत्पन्नाची आशा वाटते तेथे लुबाडणारा आधी पोहोचतो. शिक्षकांनी हा भाग वर्गात आणि पालकसभेत मुद्दाम सांगावा.

फसवणुकीची एक ठरावीक पद्धत अशी. ‘घरबसल्या टंकलेखन’ किंवा ‘डेटा एन्ट्री’ची जाहिरात येते. प्रथम नोंदणी शुल्क किंवा अनामत घेतली जाते. काम पूर्ण करून पाठविले की त्यात मुद्दाम चुका काढल्या जातात, आणि करारभंगाबद्दल अमुक हजार रुपये भरा नाहीतर न्यायालयात खेचू, अशी वकिलाच्या नावाची खोटी नोटीस मोबाईलवर येते. घाबरलेल्या मुली आईवडिलांना न सांगता पैसे भरतात. दुसऱ्या प्रकारात चित्रफितींना पसंती देण्याचे सोपे ‘काम’ असते; आरंभी शे-दोनशे रुपये खरोखर मिळतात, मग मोठ्या लाभासाठी स्वतःचे पैसे गुंतवावयास सांगतात आणि तेथे सारे बुडते. तिसरा प्रकार सर्वांत घातक. ‘तुमचे बँक खाते फक्त वापरावयास द्या, दरमहा मोबदला मिळेल’ असे सांगितले जाते. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस दारात येतात ते खातेदाराच्या.

काम देणारा पैसे देतो, मागत नाही, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पहिले दोन प्रकार ओळखता येतात. फसगत झालीच तर लाजेने वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार करावी. तक्रार जितकी लवकर होईल तितकी रक्कम पुढे सरकण्यापूर्वी गोठविली जाण्याची शक्यता अधिक असते.

कायदेशीर कामातही एक पोकळी आहे, ती झाकून ठेवणे बरोबर नाही. कारखान्यातील कायम कामगारास भविष्यनिर्वाह निधी असतो, राज्य विम्याचा दवाखाना असतो, मागे संघटना असते. फिरतीवरच्या व्यावसायिकास यांपैकी काही आपोआप मिळत नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आणि तिने गिग व प्लॅटफॉर्म कामगारांची प्रथमच कायद्यात दखल घेतली; परंतु स्वतःच ग्राहक मिळवून स्वतःच काम करणारा मनुष्य अद्याप बराचसा स्वतःच्याच भरवशावर आहे. आरोग्यविमा, निवृत्तीची तरतूद आणि निदान सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक त्याने स्वतः करावी. चाकणमधील कायम नोकरी सोडून या मार्गास लागू पाहणाऱ्या तरुणाने हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. महिन्याची आवक दिसावयास मोठी दिसते. तीतून एवढे वजा केल्यावर काय उरते ते पाहून मग राजीनामा लिहावा.

गावाने काय करावे

एखादा महामार्ग किंवा कारखाना मागण्याइतके हे काम खर्चाचे नाही. घरात चार माणसे, दूरचित्रवाणीचा आवाज आणि दारात येणारेजाणारे असताना ग्राहकाशी बोलणे अवघड होते. विशेषतः सुनांची आणि लेकींची ही अडचण असते. घरी बसली आहे म्हणजे रिकामी आहे, अशीच सर्वांची समजूत. त्यांना गावातच दार लावून बसता येईल अशी एक खोली हवी असते. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे खेड्यापाड्यांतून ग्रंथालये उभी राहिली; त्यांपैकी अनेकांच्या वाचन-कक्षात दुपारी चिटपाखरूही नसते. बरी खुर्ची, विजेरीवर चालणारी जोडणी आणि स्वच्छ प्रसाधनगृह एवढ्या सोयी करून अल्प शुल्कात ही जागा दुपारी दूरस्थ काम करणाऱ्यांस देता येईल. गावच्या वेशीवर नवी कमान उभारण्यास जो खर्च येतो त्यात हे होऊन वर काही शिल्लक राहील. केंद्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये मान्य केलेल्या पीएम-वाणी योजनेनुसार साधा दुकानदारही परवान्यावाचून सार्वजनिक वायफायची सेवा देऊ शकतो, ही गोष्टही ग्रामसभेत सांगण्याजोगी आहे.

तंतू टाकण्यासाठी कंपन्यांचे अर्ज येतात त्यांबाबत दूरसंचार मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. अर्ज मुदतीत निकाली काढणे, खोदलेला रस्ता पूर्ववत करून घेणे आणि तार कोठून गेली याचा नकाशा पंचायतीच्या दप्तरी ठेवणे ही दक्षता घेतल्यास पुढच्या खोदाईत तार तुटण्याचे बरेचसे प्रसंग टळतील. हा नकाशा फार थोड्या ठिकाणी आढळतो.

राहिला प्रश्न बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांचा. राज्याच्या कृषी पर्यटन धोरणास २०२० मध्ये मान्यता मिळाली आहे. चासकमानच्या जलाशयाकाठी किंवा भोरगिरीच्या बाजूस ज्यांची घरे व शेते आहेत त्यांना शनिवार-रविवारच्या गर्दीपेक्षा महिनाभर राहून काम करणारा पाहुणा अधिक परवडेल. तो गोंगाट कमी करतो आणि रोजचे दोन वेळचे जेवण घेतो. त्यासाठी प्रथम त्याला टेबल-खुर्ची व अखंड जोडणी लागेल, आणि डोंगराच्या कुशीतील या गावांत नेमकी तिचीच वाण आहे. पाहुणा परदेशी असल्यास त्याच्या आगमनाची माहिती २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे संगणकाद्वारे पाठविणे यजमानावर बंधनकारक आहे. घर लहान आहे किंवा पाहुणा ओळखीचा आहे म्हणून यात सूट मिळत नाही. भाताच्या लावणीच्या दिवसांत या भागात ढग उतरले की मोबाईलची लहरही अंधूक होते आणि वीजही रुसते. त्यामुळे पाहुण्यास बोलाविताना निदान पहिल्या वर्षी तरी दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ निवडणे यजमानाच्या सोयीचे ठरेल. आणि तोवर पंचायतीच्या भिंतीवरील पेटीची किल्ली कोणाकडे आहे, एवढा शोध सदस्यांनी लावून ठेवावा.